जुन्या गाडीचे लुकलुकणारे दिवे : काय मोजलं, काय निघालं?

पहिला पाऊस पडला की इंदुरात जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिवाळी लागते. मग आधी बॅटरी बदल, नंतर सेन्सर, शेवटी डॅशबोर्डचा अख्खा मीटर, आणि दिवे आपले लुकलुकतच राहतात. या धाग्यावर फक्त तपासणी लिहा: लक्षण काय, मल्टीमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र) कुठे लावला, आकडा किती आला, दोष कुठे निघाला. गाडी कितीला घेतली, कोणी फसवलं, त्यासाठी गप्पांचा कट्टा वेगळा आहे.

सुरुवात करतो. एकच दिवा लुकलुकत असेल तर त्याचाच सेन्सर, वायर किंवा जोड बघा. तीन-चार एकदम लागत असतील तर सेन्सरांना हात लावू नका. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि पॉवर स्टिअरिंग एकाच दिवशी बिघडत नाहीत. त्यांना मिळणारा करंट किंवा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा जोड) बिघडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी भरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5.

छावणीचा वायरमन
आकडे बरोबर आहेत, पण बॅटरी चांगली दिसूनही दिवे नाचतात ते अर्थमुळे. अर्थ ओहमवर मोजू नका. अर्थच्या पट्टीचा (निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणाऱ्या जाड वायरीचा) एक तार धड असला तरी ओहममध्ये पट्टी पास होते. लोड टाकून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजा.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब (वायरीच्या टोकाची टोचणी) बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीत टोचून. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर पूर्ण. 0.1 व्होल्टपर्यंत ठीक. सेल्फ मारताना 0.2, फार तर 0.3. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. मग लाल प्रोब बॉडीवर लावून तेच पुन्हा करा, कारण इंजिनची पट्टी वेगळी आणि बॉडीची वेगळी.

मल्टीमीटर नसेल तर जंप केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर पकडवा. दिवे शांत झाले तर अर्थच. केबल काढल्यावर पुन्हा नाचले तर खात्रीच.

दुरुस्ती म्हणजे दहाचा पाना आणि कष्ट. निगेटिव्ह आधी सोडायचा, जोडताना शेवटी. पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, धातू चमकेपर्यंत घासा, नट आवळा, आणि मगच वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून वर क्लॅम्प चढवणारे बरेच आहेत, त्यांना काय म्हणावं! पट्टीच्या लगमध्ये (टोकाच्या कडीत) वायर काळी पडली असेल तर घासत बसू नका, तेवढ्याच जाडीची नवी टाका.

पलासिया
चावीच्या जुडग्यात घराच्या, दुकानाच्या, लॉकरच्या चाव्या लटकवल्या असतील तर इग्निशन स्विचचे काँटॅक्ट झिजतात. चावी ऑन ठेवून जुडगं हळूच वरखाली हलवा. सगळे काटे एकदम पडून उठले तर दोष मीटरचा नाही, स्विचचा.

बेल्टवाले काका
बॅटरीचा दिवा मंद पेटतो आणि रेस दिली की कमीजास्त होतो: अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग. मल्टीमीटर एसी व्होल्टवर करून इंजिन चालू असताना बॅटरीवर लावा. 0.1 च्या आत हवा, 0.5 च्या वर गेला तर डायोड गेला. डीसीवर 14 दिसतात, म्हणून ‘चार्जिंग ओके’ सांगून लोकांना परत पाठवतात.

पावसात डबकं ओलांडल्यावर दिवा लागतो आणि किंचाळी येते, तेव्हा बेल्ट घसरतोय. बेल्ट वॅक्स फवारून आवाज थांबवू नका. बेल्टला तडे पडलेत का आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला झालाय का, ते बघा. अल्टरनेटरची जाड पॉझिटिव्ह वायरही तपासा: तिथून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नको.

काळी माती
माळव्यातल्या एबीएसच्या दिव्यामागे अर्ध्या वेळा माती असते. शेतात गाडी घातली की काळी माती चाकाच्या आतल्या सेन्सरवर बसते आणि वाळून दगड होते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावा, चारही चाकांचा वेग एका स्क्रीनवर आणा, सरळ रस्त्यावर 20 पर्यंत जा आणि सावकाश थांबा. थांबण्याआधीच ज्या चाकाचा आकडा शून्यावर कोसळतो, ते चाक. दिवा फक्त स्टिअरिंग वळवताना किंवा खड्ड्यात लागत असेल तर शॉकअबजवळची वायर बघा, आवरण धड असून आतून तुटलेली असते.

आणखी एक. व्हील बेअरिंग बदलल्यानंतर दिवा लागला तर बेअरिंग उलटं बसलंय का बघा. नव्या बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं, ते सेन्सरकडेच हवं. दाबून बसवण्याआधी टाचणी लावून पाहिली की कळतं. उलटं बसलं तर पुन्हा काढताना सहसा ते बेअरिंग कामातून जातं.

सुदामानगर
सगळं वायरिंगवर ढकलू नका हो. दोन दिवे असे आहेत की लुकलुकले की गाडी बाजूला.

तेलाची समई (ऑइलच्या दाबाचा दिवा): तिचा स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारला दिवा लावतो. म्हणजे लुकलुकतोय तेव्हा दाब आधीच तळाला गेलाय. इंजिन बंद करा, सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा. तेल भरपूर असेल आणि दिवा फक्त गरम आयडलवर लागत असेल तर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. गेजवर दाब ठीक आला तरच नवा स्विच. दाब कमीच असेल तर तेल चुकीच्या ग्रेडचं आहे, पंप गेलाय, नाहीतर बेअरिंग झिजलंय.

चेक इंजिन स्थिर पेटलं तर वेळ आहे. लुकलुकतंय म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय. पी 0301 ते पी 0304 यातला कोड आला (शेवटचा अंक सिलिंडरचा) तर त्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल शेजारच्याशी बदला. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, जागेवरच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर.

ब्रेकचा दिवा वळणावर लागतो तो फ्लुइड कमी असल्याने. वरून ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड.

हॉर्नही बंद?
स्टिअरिंग वळवताना एअरबॅगचा दिवा लागतो आणि हॉर्न अधूनमधून वाजत नाही: क्लॉकस्प्रिंग (स्टिअरिंगमागची गुंडाळलेली वायरपट्टी). सीट मागेपुढे केल्यावर लागतो: सीटखालचा पिवळा कनेक्टर. पिवळ्या वायरीवर ओहममीटर लावू नका, एअरबॅग फुटू शकते. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच कनेक्टर हलवा.

एमपी 09
जुनी गाडी घेण्याआधी बघायचं ते: चावी ऑन केली की सगळे दिवे पेटलेच पाहिजेत; एअरबॅग आणि एबीएसचे काही सेकंदांत विझतात, तेल, बॅटरी आणि चेक इंजिनचे इंजिन चालू झाल्यावर. एखादा पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा काढलाय. काही विकणारे एअरबॅगचा दिवा तेलाच्या दिव्याच्या वायरीला जोडून देतात, मग तो पेटतो आणि विझतोही, म्हणून दोघे अगदी एकाच क्षणी विझतात का ते बघा. त्यानंतर स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ काढा. 12 किलोमीटर दिसले तर कोड नुकतेच पुसलेत. रेडिनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसतील. आणखी काही दिवस चालवून परत स्कॅन करा म्हणा, तयार होत नसतील तर उठा.

छावणीचा वायरमन
एक राहिलंच. ‘यू’ने सुरू होणारे कोड ढिगाने आले तर गाडीतली कॅन लाइन (सगळ्या कॉम्प्युटरांना जोडणारी वायरींची जोडी) बघा. बॅटरी काढून ठेवा, ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या) 6 आणि 14 नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. 60 हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा मधली वायर तुटली, शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्या. मोजण्याआधी बाहेरून बसवलेलं जीपीएस, सेंट्रल लॉक, म्युझिक एकेक काढा. तीनातली एक भानगड तिथेच, टेप गुंडाळलेल्या चिमट्याच्या जोडात असते.

पलासिया
वायरमनदादा, डॅशवर थाप मारली की दिवे बंद होतात, तेव्हा?

छावणीचा वायरमन
डॅशबोर्डचा मीटर काढा, मागचा कनेक्टर हाताने दाबून बघा. फरक नाही पडला तर बोर्डावर कनेक्टरच्या पिनांभोवती भिंग धरा. डाखाभोवती केसाएवढी गोल चीर दिसेल. जुना डाख वितळवून ओढून काढा, फ्लक्स, नवा डाख. वरच्या वर डाख चढवला तर दोन महिन्यांनी परत थापा.