प्राण्यांचा वाद्यवृंद : बालवाडीच्या मुलांना कोणती वाद्यं झेपतील?

फोंड्याची_बाई
गॅदरिंगसाठी २० मुलं, वय चार ते पाच. पावसाळ्यातल्या रानात प्राणी मिळून वाजवतात असा विषय आहे. बेडूक, रातकिडे, सुतारपक्षी आणि गवे अशा चार तुकड्या. सीडी लावून नाचवायचं नाही, मुलांनी स्वतः वाजवायचं. विकतची वाद्यं परवडत नाहीत. घरच्या वस्तूंतून काय काय होईल? आणि सगळी एकदम बडवू लागली की आवरायचं कसं?

रानवाट
बाई, प्राणी जसा आवाज काढतो तशीच हाताची क्रिया ठेवा. रातकिडा पंखावर पंख घासतो, म्हणून त्याला जाड दातांची फणी आणि आईस्क्रीमची काडी. नुसत्या फणीचा आवाज दुसऱ्या रांगेतही पोचत नाही. ती रिकाम्या खोक्यावर टेकवून घासली की खोकं घुमतं. सुतारपक्ष्याला दोन करवंट्या. कडा पॉलिश पेपरने घासा आणि मुठीत मावतील अशा लहान निवडा.

बेडकाला बांबू. २५ सेंमी तुकडा, एक टोक उघडं, त्यावर अर्ध्या-पाऊण सेंमी अंतराने २-३ मिमी खोल खाचा. खाचा दाट झाल्या की काठी नुसती घसरते, ‘डरांव’ येत नाही. अख्खा बांबू मुठीत आवळला तरी आवाज बसतो. टोकाशी धरायला सांगा.

(गाणारे बेडूक आणि रातकिडे नरच असतात. ते मात्र मुलींना सांगू नका.)

घुमटप्रेमी
गव्याला घुमटच हवं, म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं चढवलेलं आपलं गोव्याचं वाद्य! पण खरं घुमट मुलांच्या हाती देऊ नका, पडलं की फुटलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद, आता बकऱ्याचं चढवतात. २०१९पासून ते आपलं राज्य वारसा वाद्य आहे, तेव्हा नक्कल तरी नीट करू.

१२-१५ सेंमी तोंडाची, बुडाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. काठ खरखरीत असेल तर आधी घासा, नाहीतर फुगा तिथेच फाटतो. १२ इंची फुग्याची मान कापून तोंडावर ताणा, रबर बँड लावा, वरून चिकटपट्टीचे दोन फेरे. भोक उघडं राहू द्या. कुंडी जमिनीवर उभी ठेवली की ते बुजतं आणि आवाज दबतो. मांडीवर आडवी धरायची. फुगा त्याच दिवशी सकाळी चढवा, आदल्या दिवशीचा सैल पडतो. नखं कापलेली हवीत.

ताल_त्रिताल
चार वर्षांच्या मुलाला मात्रा मोजायला लावू नका, शब्द द्या : धूम – डरांव – टकटक – किर्र. आपल्या शब्दावर आपण वाजवायचं, बस्स. लय मिनिटाला ११०-१२० ठोके ठेवा. विलंबित (संथ) लय मुलांना अवघड जाते, ती पुढे पळतात.

तुकड्या सारख्या करू नका. फणी हलकी, करवंटी कडक : रातकिडे ८, बेडूक ५, गवे ४, सुतारपक्षी ३. आधी गवे दोन फेऱ्या, मग एकेक तुकडी भर घालत जाईल. पाळी येईपर्यंत वाद्य चटईवर, हातात दिलंत की वाजणारच. थांबण्याची खूण (वर केलेली मूठ) वाजवण्याच्या आधी शिकवा. मुखवटे नकोत, डोळ्यांवर घसरतात आणि तुमचा हात दिसत नाही. कपाळाला पट्टी बांधून त्यावर चित्र लावा.

फोंड्याची_बाई
छान! पावसासाठी बाटलीत काजूच्या बिया घातल्या तर?

रानवाट
अजिबात नको. कच्च्या बियांच्या टरफलातलं तेल कातडी पोळतं. गुंजाही नकोत, विषारी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीन चमचे तांदूळ पुरे. जास्त भरले तर हलत नाहीत, वाजत नाहीत. झाकण चिकटवून वर टेप मारा.