मदत हवी आहे : दमट हवेत डीव्हीडीची कव्हरं कशी जपायची?

मंडळी, माझ्याकडे जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच व्हीसीडी-डीव्हीडी आहेत. डिस्क ठणठणीत आहेत, काळजी कव्हरांची आहे. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत आतला छापील कागद केसच्या प्लास्टिकला चिकटतो आणि ओढला की शाई प्लास्टिकवरच राहते. केसवरून चढवायच्या पुठ्ठ्याच्या स्लिपकव्हरांचे कोपरेही फुगलेत. चिकटलेला कागद न फाडता कसा सोडवायचा? सिलिका जेल पुरेल, की प्रत्येक स्लिपकव्हरला वेगळी पिशवी हवी?

दुसरं म्हणजे, फाटलेल्या कव्हरांच्या जागी नवी छापावीत का? नटनट्यांचे कापलेले चेहरे एकावर एक डकवलेली कव्हरं मला अजिबात आवडत नाहीत, मूळ पोस्टरच हवं. अ‍ॅरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच ब्लू-रेंचं कव्हर दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं: एकीकडे नवं चित्र, उलटीकडे मूळ पोस्टर. फार छान सोय! तसं करायचं तर कागद किती जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा) घ्यावा, म्हणजे मागची छपाई पुढे दिसणार नाही? डीव्हीडीची केस १९० मिमी उंच, ब्लू-रेची त्याहून बुटकी, त्यामुळे मापंही वेगळी लागतील. मोजक्याच प्रती नीट छापून देणारं कुणी माहीत असेल तर नक्की कळवा.