वाघाच्या हातातलं सोन्याचं कडं: रुतलेल्याचा दोष किती?

गोदाकाठची
परवा भाचीला हितोपदेशातल्या म्हाताऱ्या वाघाची गोष्ट वाचून दाखवत होते. नखं-दात गळालेला वाघ आंघोळ करून, हातात दर्भ घेऊन तळ्याकाठी बसतो आणि 'हे सोन्याचं कडं घ्या' म्हणून वाटसरूंना हाका मारतो. तरुणपणी फार पापं केली, बायकापोरं गेली, आता दानधर्म करतो म्हणतो. वाटसरू स्नानाला तळ्यात उतरतो आणि चिखलात रुततो. 'थांब, तुला वर काढतो' म्हणत वाघ हळूहळू जवळ येतो.

खाली जाड अक्षरांत तात्पर्य: लोभाचे फळ वाईट.

दर्भ, शास्त्रवचनं, पश्चात्तापाचं सोंग. एवढी तयारी करणाऱ्या वाघाबद्दल एक ओळ नाही! ओळखीतल्या एका निवृत्त बाईंना खोट्या पोलिसांनी 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली दोन दिवस व्हिडिओ कॉलवर घरातच डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर घरच्यांचं पहिलं वाक्य होतं, 'तू फोन उचललासच कशाला?' आता त्या हा विषयच काढू देत नाहीत. हे तात्पर्य मुलांना शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुनी पाटी
साफ असहमत. वाघ गोष्ट ऐकायला बसत नाही, भाची बसते. तिच्या उपयोगाचं तेच सांगायचं.

शिवाय वाटसरूला धोका दिसला होता. 'पैसा मिळवायचा तर जोखीम आलीच' अशी त्यानं स्वतःचीच समजूत घातली, मग 'कुठंय कडं?' म्हणून विचारलं. वाघानं हात पुढे करून दाखवलं. त्या क्षणाला लोभ नाही तर काय म्हणायचं? तुमच्या ओळखीच्या बाईंना लोभ नव्हता, भीती घातली होती. दोन्ही एका मापानं मोजू नका.

पिंपळपार
भुलवून कोंडणारा दर वेळी खलच असतो का? कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहातली उपकोशा आठवा. नवरा वररुची हिमालयात तपाला गेलेला. राजपुरोहित, दंडाधिकारी आणि युवराजाचा मंत्री तिच्या मागे लागतात. ती तिघांनाही एकाच रात्री, वेगवेगळ्या प्रहरी बोलावते. दासी अंधारात तेल-काजळ फासतात, पुढचा आला की आधीच्याला लपायला म्हणून पेटीत ढकलतात. चौथा वाणी हिरण्यगुप्त, तिची ठेव दाबून बसलेला. त्याच्याकडून ती पेटीसमोर ठेवीची कबुली घेते. पुढे नंद राजाच्या दरबारात तो नाकबूल होतो, तेव्हा पेटीच साक्ष देते! तिथे 'बिचारे फसले' असं कोण म्हणेल?

गोदाकाठची
कोणीच नाही. ते तिघं आणि तो वाणी सत्तेच्या जोरावर आले होते, तिच्याकडे पेटीखेरीज काही नव्हतं. म्हणून तर म्हणते, आधी सापळा लावणाऱ्याकडे बघा.

रानवाट
दोघांनीही गोष्ट अर्धीच सोडलीत. वाघाची गोष्ट सांगतो कबुतरांचा राजा चित्रग्रीव. निर्जन रानात तांदळाचे दाणे कसे आले, अशी शंका येऊन तो थव्याला सावध करतो. एक कबुतर त्याचं म्हणणं उडवून लावतं, सगळे उतरतात आणि जाळ्यात सापडतात. मग सगळे त्या एकावर तुटून पडतात. तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, 'हा याचा दोष नव्हे.' आणि लगेच सगळ्यांना एकदम उडायला सांगतो. जाळ्यासकट ते चित्रग्रीवाचा मित्र हिरण्यक उंदराकडे पोचतात आणि तो जाळं कुरतडून त्यांना सोडवतो.

जुनी पाटी
हे मान्य. लोभ हा शब्द मी तरीही गाळणार नाही, पण नातवाला यापुढे वाघावर थांबवणार नाही, उंदराच्या बिळापर्यंत नेईन. गोदाकाठची, त्या बाईंकडे कोणी जाऊन बसतं का?

गोदाकाठची
उद्या जातेय.