धार्मिक घरातल्या पालकांसाठी छोटा चॅरिटी वॉक काढतोय, पण माझेच आईबाबा येतील का?

चिंचवडची_थोरली

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गे आहे आणि त्याने घरी सांगितलंय. आमचं घर माळकरी, बाबा एकादशी चुकवत नाहीत, आजोबा आळंदीहून पायी वारीला जायचे, सकाळी हरिपाठ झाल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही. बाबांनी आरडाओरडा केला नाही पण तेव्हापासून ते त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलतात, "जेवलास का", "गाडीत पेट्रोल टाक", बस. आई मला विचारते की माझ्याकडून देवाचं काय राहिलं म्हणून असं झालं. समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा कलम 377 चा निकाल 6 सप्टेंबर 2018 लाच लागला, पण आमच्या देवघरात सुप्रीम कोर्टाला कोण विचारतंय.

आम्ही काही बहीणभाऊ आणि मित्रमंडळी मिळून पुण्यात सकाळचा एक छोटा वॉक काढायचं ठरवतोय, खास अशा घरांसाठी, म्हणजे कीर्तन-सत्संगाला जाणारे, चर्चला जाणारे, उपास करणारे असे आईवडील ज्यांना मुलाला सोडायचं नाहीये पण देवालाही सोडायचं नाहीये. जमा होतील ते पैसे घरातून बाहेर काढलेल्या मुलांच्या समुपदेशनाला आणि तात्पुरत्या राहण्याला द्यायचेत. प्राइडला, म्हणजे गे-लेस्बियन वगैरे लोकांच्या मिरवणुकीला, आईबाबा येणार नाहीत, तिथली गर्दी, ढोल, नाच हे त्यांना झेपणार नाही हे मला पक्कं माहितीये म्हणून हे वेगळं.

एका मित्राचं म्हणणं आहे की टाळ-मृदंग, पताका घेऊन दिंडीसारखंच चालू या म्हणजे पालकांना आपलं वाटेल. मला ते बरोबर की चूक तेच कळत नाहीये. आणि आईबाबांना आणायचं कसं? कुणी असं काही केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

ठाण्याची_आई

बाळा, तुझ्या आईला आधी वॉकचं बोलूच नकोस. आधी तिला दुसऱ्या एका आईला भेटव. माझी मुलगी लेस्बियन आहे, आमच्याकडे सोळा सोमवार, नवरात्र, सगळं कडक. मला जेव्हा कळलं तेव्हा मी पण हेच विचारलं होतं की व्रतात काय कमी पडलं, नातेवाइकांनी पत्रिका दाखवायला लावली, एका डॉक्टरने औषधाने ठीक होईल असंही सांगितलं. ते ऐकू नका म्हणून मुद्दाम लिहितेय, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलंय की असे "बरे करण्याचे" उपचार देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, त्यामुळे कुणी गोळ्या-इंजेक्शनं सुचवली तर सरळ उठून यायचं.

माझ्यात फरक पडला तो 'स्वीकार' नावाच्या ग्रुपमधल्या पालकांना भेटल्यावर. हा अशा मुलांच्या आईवडिलांचाच ग्रुप आहे, 2017 मध्ये सुरू झालेला. तिथे कुणी भाषण देत नाही, कुणी म्हणत नाही की तू मागासलेली आहेस, एक बाई फक्त म्हणाली "मी पण वर्षभर देवाशी भांडत होते", आणि मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. 2023 च्या एप्रिलमध्ये याच ग्रुपमधल्या 400 हून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या. त्या ऑक्टोबरमध्ये निकाल विरोधात गेला ते सोड, पण एवढे आईबाप उघडपणे पुढे आले हे तुझ्या बाबांना नक्की सांग, कारण बापमाणसाला वाटत असतं की जगात हे फक्त आपल्याच घरी झालंय.

आणि वॉकमध्ये पालकांना फलक धरायला लावलात तर तयारी ठेवा, अनोळखी मुलं येऊन मिठी मारतात, "काकू माझ्या आईशी बोलाल का" विचारतात. मला पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा मला त्या मुलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं, मी त्याचा फोन नंबर पदरात बांधून घेतल्यासारखा जपून आणला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला फोन केला.

युटावाला

मी नोकरीसाठी अमेरिकेत, युटामधल्या सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो म्हणून इथलं सांगतो, कारण तुम्ही म्हणताय जवळजवळ तसंच इथे झालंय. हा सगळा भाग मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, चर्च म्हणजे आयुष्य, आणि चर्चची भूमिका समलैंगिक संबंधांच्या विरोधात. 2012 च्या जूनमध्ये इथल्या प्राइडमध्ये सुमारे 300 मॉर्मन लोक चालले, मॉर्मन्स बिल्डिंग ब्रिजेस या नावाने. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कपडे. रविवारी चर्चला जातात तेच कपडे घालून आले, पुरुष पांढरा शर्ट आणि टाय, बायका फ्रॉक-स्कर्टमध्ये, लहान पोरं बाबागाडीत. पाहणाऱ्यांना कळत होतं की ही माणसं धर्म सोडून आलेली नाहीत, तो अंगावर घेऊन आलेली आहेत. रस्त्याच्या कडेला उभे असलेले कित्येक जण रडत होते, कारण याच कपड्यातल्या माणसांनी त्यांना घराबाहेर काढलेलं.

चर्च लगेच बदललं असं अजिबात नाही. उलट 2015 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर बंधनं आणली, ती 2019 मध्ये मागे घेतली. पण घरं बदलली, ती संस्थेची वाट बघत बसली नाहीत.

अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅमिली अॅक्सेप्टन्स प्रोजेक्टचा 2009 चा अभ्यास आहे, ज्यांना किशोरवयात घरच्यांनी खूप झिडकारलं त्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, ज्यांना फारसं झिडकारलं नाही त्यांच्यापेक्षा 8 पटीहून जास्त निघालं. त्याच लोकांनी नंतर खास मॉर्मन आईवडिलांसाठी पुस्तिका काढली, त्यात धर्म बदला असं कुठेही नाही, घरात काय बोलल्याने मूल खचतं आणि काय केल्याने सावरतं एवढंच. न बोलणं हेही झिडकारणंच असतं हो ताई, तुमच्या बाबांना ते कळत नसेल.

पंढरीचा_वाटसरू

माउली, मी वयाने मोठा आहे आणि बरीच वर्षं दिंडीत चालतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. वीणा आणि पताका वॉकमध्ये आणू नका. दिंडी फडाची, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरेने चालत आलेल्या गटाची असते, तिचा क्रम, तिचा नंबर, विणेकऱ्याचा मान हे सगळं ठरलेलं असतं, आणि तुम्ही तसं काढलंत तर उद्या सगळा वाद "वारीचा वापर केला" यावर होईल, पोरांचा विषय बाजूलाच राहील. पण तुमच्या बाबांच्या गळ्यातली माळ, डोक्यावरची टोपी, कपाळाचा बुक्का हे त्यांचं स्वतःचं आहे. ते घालून ते कुठेही चालू शकतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

बाबांशी बोलताना चोखोबांची आठवण करून द्या. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही त्यांची समाधी आज पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आणि दर्शनाला जाणारा प्रत्येक जण तिथे वाकतो. तरी ते दार सगळ्यांना उघडायला 1947 उजाडावं लागलं. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि मग 1 मे पासून पंढरपुरात उपोषणाला बसले, 10 मे ला सुटलं. तेव्हाही धर्म बुडतो म्हणणारे माळकरीच होते आणि गुरुजींच्या बाजूने उभे राहणारेही माळकरीच होते. आपण कुठल्या बाजूचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वारीच्या वाटेत कुणी भेटला की आम्ही वय-जात न बघता एकमेकांच्या पाया पडतो, मग घरच्या पोराकडे पाठ कशी फिरवायची? तुमचे बाबा फोनवर बोलायला तयार असतील तर मला खाजगी मेसेज करा, मी बोलेन त्यांच्याशी.

बार्शीचा_पोरगा

काकांचं वाचून बरं वाटलं, असं कुणी माझ्या अण्णांना सांगितलं असतं तर.. असो. मी गे आहे, घर असंच. ताई एकच विनंती, वॉकला येणं ही आईबाबांची परीक्षा करू नका. आले म्हणजे स्वीकारलं, नाही आले म्हणजे नाही, असं नसतं. माझी आई कुठल्याच मोर्चाला येणार नाही, तिला गावात राहायचंय, पण दिवाळीला फराळ पाठवताना तिने माझ्या पार्टनरच्या नावाचा वेगळा डबा भरला, बिनसाखरेच्या शंकरपाळ्या, कारण त्याला डायबेटिस आहे हे तिने लक्षात ठेवलेलं. अण्णा अजून बोलत नाहीत.

आणि शिखंडी, अर्धनारीनटेश्वर वगैरे सांगून वाद जिंकायला जाऊ नका, पालक गप्प होतात पण जवळ येत नाहीत. भावाला विचारलंत का त्याला हा वॉक हवाय का? त्याच्याकडे लक्ष ठेवा, फारच खचलेला वाटला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वसईकर

आमच्याकडे चर्च. 2022 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी आईवडिलांना उद्देशून म्हटलं होतं की मुलांचा कल वेगळा दिसला तर त्यांना साथ द्या, दोष देण्याच्या आड लपू नका. माझ्या पप्पांवर त्याचा जेवढा परिणाम झाला तेवढा माझ्या दहा वर्षांच्या बोलण्याचा नाही झाला. तुमच्या वॉकच्या पत्रकात सगळ्या धर्मांच्या घरांना बोलावताय हे ठळक लिहा, आम्ही चार घरं तरी वसईहून येऊ.

ट्रस्टचं_काम_करणारा

पैशाचं आणि परवानगीचं लिहितो कारण चांगले उपक्रम तिथेच अडकतात. पैसे कुणाच्याही स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, ज्या ट्रस्टमार्फत मदत देणार त्याच्या खात्यात थेट, पावतीवर पॅन नंबर. ट्रस्टला 80जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता) असेल तर जुन्या करपद्धतीत असलेल्या देणाऱ्याला सवलत मिळते पण 2000 च्या वर कॅश दिली तर नाही, हे आधीच सांगा. परदेशातला मामेभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतले पैसे चालतात, तिकडचा नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर एक रुपयाही घ्यायचा नाही.

स्थानिक पोलीस स्टेशनला आणि वाहतूक शाखेला रूट, वेळ, अंदाजे किती लोक, जबाबदार व्यक्तींचे नंबर असं पत्र द्या, पोचपावती घ्या, स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. अंतर दोन-अडीच किलोमीटर पुरे, गुडघे दुखणारे पालक येणार आहेत, वाटेत टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा. आणि फोटो! ज्यांना फोटो नकोय त्यांच्या मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधा आणि फोटोग्राफरला दम देऊन ठेवा. एक फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला तर ते घर परत कधी येणार नाही.

चिंचवडची_थोरली

सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं. पताकांचा विचार सोडला. भावाला विचारलं, तो म्हणाला वॉक कर पण बाबांना माझ्यासाठी नको आणूस, त्यांना वाटलं तर येऊ देत. ठाण्याच्या काकू, आई तुमच्याशी बोलायला तयार आहे, दुपारी बाबा झोपतात तेव्हा. वाटसरू काका, बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, फक्त तुमची दिंडी कुठली ते विचारलं, मेसेज करतेय तुम्हाला. पट्टीचं एक विचारायचं राहिलं, फोटो नको असलेल्यांना पट्टी बांधली तर तेच उठून दिसणार नाहीत का?

ट्रस्टचं_काम_करणारा

मग उलटं करा, फोटो चालतो त्यांनाच पट्टी. बाकी कुणाचाही काढायचा नाही.