मदत हवी आहे : नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. माझे थोरले बंधू तंबाखूच्या वखारीत कामाला असून त्यांची डावी नाकपुडी बारमाही चोंदलेली असते, त्यामुळे रात्री तोंड उघडे ठेवूनच झोपावे लागते आणि पहाटे घशाला कोरड पडते. सीटी स्कॅनमध्ये पडदा डावीकडे वाकलेला दिसल्याने डॉक्टरांनी सेप्टोप्लास्टी सुचवली आहे. पडदा सरळ होईल हे पटते. परंतु धुळीची ॲलर्जी काही शस्त्रक्रियेने जात नाही, तेव्हा नाकातला फवारा पुढेही चालू ठेवावा लागला का आणि धुळीच्या कामावर किती दिवसांनी परतता आले, हे ज्यांनी करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे. बेळगावला करावी की कोल्हापूरला? कोल्हापूर आम्हाला जवळ पडते, आणि नाक साफ करून घ्यायला नंतरही खेपा घालाव्या लागतातच.