मदत हवी आहे: दहावी मराठी, नारायण सुर्वे यांच्या 'दोन दिवस' कवितेचं रसग्रहण गाईडशिवाय कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,
लेक यंदा दहावीला, एसएससी बोर्ड, मराठी कुमारभारती. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला. पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आलेत. बाकी मराठी बरं आहे, रसग्रहणाला (दिलेल्या ओळींचा अर्थ आणि सौंदर्य उलगडून लिहिणं) मात्र चारपैकी दीड. लाल पेनाने शेरा: 'दिलेल्या ओळींवर लिहा.'

तिचं म्हणणं, "आई, मी पानभर लिहिलंय!" लिहिलंय खरंच. गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलंय: कामगारजीवन, आशावाद, साधी सोपी भाषा. ओळी आल्या होत्या 'हे हात माझे सर्वस्व'च्या, आणि अख्ख्या उत्तरात 'हात' हा शब्द एकदाच, तोही शेवटून दुसऱ्या ओळीत.

मी सायन्सवाली, शाळेनंतर कवितेच्या वाटेला गेले नाही. कविता तिच्याकडून वाचून कशी घ्यायची आणि उजळणी कशी करायची? गणित-विज्ञानही डोक्यावर आहे. 'क्लास लावा' हा सल्ला कृपया नको, त्यावरून घरात महाभारत होऊन गेलंय.

जुना खडू:
ताई, मी ऐरोलीला असतो, मराठी शिकवून निवृत्त झालोय. पद्य विभाग 16 गुणांचा. त्यातले 8 कवितेवरच्या कृतींचे, 4 मुद्द्यांवरच्या कृतीचे (कवी, विषय, शब्दार्थ वगैरे), 4 रसग्रहणाचे. पहिल्या 12 गुणांना कविता नीट वाचलेली असली की भागतं. पाठ केलेलं उत्तर तोंडघशी पाडतं ते रसग्रहणात, कारण तिथे ओळी नेमून दिलेल्या असतात.

आज गाईड कपाटात टाका आणि त्याच ओळी घेऊन बसा. कवी म्हणतो हात हेच सर्वस्व, आणि ते दारिद्र्याकडे गहाण. तिला विचारा, लोक गहाण काय ठेवतात? दागिना, जमीन. कामगाराकडे यातलं काय आहे? मग हातच गेले ना गहाण! हे तिच्या तोंडून आलं की आशयसौंदर्य झालं. पुढे हात कधी 'माना उंचावलेले', कधी 'कलम झालेले'. हातांना मान कुठली? कवीने त्यांना माणसासारखं उभं केलंय, म्हणून ते तुटलेले दिसले की जास्त लागतं. हे काव्यसौंदर्य. नुसतं अलंकाराचं नाव लिहून पुढे पळू नये, तो अलंकार तिथे करतो काय ते लिहावं.

भाषेसाठी सगळी कविता मोठ्याने वाचून घ्या. 'जिंदगी', 'बर्बाद', 'दुनिया' हे गिरणगावातलं बोलणं, आणि त्याच कवितेत 'अगा' हा थेट संतांच्या ओवी-अभंगातला शब्द. 'साधी सोपी भाषा' या तीन शब्दांत हे मावत नाही. पहिली ओळ शेवटी पुन्हा येते, तीही दाखवा.

बाकी, सुर्वे 2010 साली गेले ते ठाण्यातच. उत्तरात नका लिहू, पण लेकीला जरूर सांगा.

टीएमटीप्रेमी:
ताई, मी कविता स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून बसमध्ये ऐकायचो. राहिले–पाहिले, झालो–शिकलो अशी यमकं आहेत, पटकन बसते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये सगळी संतवाणी पाठ झाली माझी.

धागाकर्ती:
जुना खडू, खूप आभार. संध्याकाळी बसलो दोघी. 'हातांना मान कुठली' यावर ती आधी हसली, मग आपणहून म्हणाली, "मोर्च्यात वर केलेले हात असतील." हे लिहिलं तर चालेल का? गाईडमध्ये नाहीये. आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य असे मथळे द्यायचे का?

जुना खडू:
चालेल काय, पळेल! फक्त 'माना उंचावलेले' हे शब्द अवतरणचिन्हात देऊन त्यांना धरून लिहायला सांगा, म्हणजे कल्पना ओळीतूनच आली हे परीक्षकाला दिसेल. मथळे दिले तर उत्तम, नाहीतर तीन वेगळे परिच्छेद. उजळणीला रोज एका कवितेतल्या कुठल्याही दोन ओळी तुम्ही बोट ठेवून निवडा, तिने पुस्तक मिटून दहा मिनिटांत लिहायचं. सोप्या ओळी निवडू नका. आणि संतकाव्य मागे ठेवू नका, 'अंकिला मी दास तुझा' या अभंगातले वत्स, धेनु, पाडस हे शब्दार्थ पोरं हमखास चुकतात.