अ‍ॅरेतले चारच एलिमेंट बंद, तरी शेजारच्या उपग्रहाचा त्रास का वाढला?

प्रश्न (अंबड, नाशिक): उपग्रहाचा सिग्नल घेणारा, ६४ छोट्या अँटेनांचा (एलिमेंटचा) ८×८ चा रिसीव्ह अ‍ॅरे आहे, टेपर (मधल्या एलिमेंटच्या सिग्नलला जास्त वजन, कडेच्यांना कमी) ३० डीबी साइडलोबचा, म्हणजे बाजूच्या दिशांनी येणारं मुख्य शिखराच्या ३० डीबी खाली. मधल्या २×२ बोर्डाचा पुरवठा गेला. सिग्नल जेमतेम उतरला, पण शेजारच्या उपग्रहाचा सिग्नल आत यायला लागला. असं का?

उत्तर १: सिग्नल फारसा उतरणारच नाही. वजन सारखं धरलं तर ६४ पैकी ६० चालू, म्हणजे जी/टी (गेन भागिले नॉइज तापमान, रिसीव्हर किती बारीक सिग्नल पकडतो त्याचं माप) ०.२८ डीबीने कमी. ट्रान्समिटला ०.५६, कारण तिथे चार अ‍ॅम्प्लिफायरची पॉवरही जाते. खरा मार साइडलोबला. मूळ पॅटर्नमधून (कुठल्या दिशेचा सिग्नल किती घेतला जातो, त्यातून) त्या चौघांचा पॅटर्न वजा होतो. तो शिखराच्या साधारण २४ डीबी खाली आणि चांगला रुंद असतो. तुमचे ३० डीबी तिथेच संपले. शिवाय टेपरमध्ये मधल्यांचं वजन जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईट. बोर्डाची वायरिंग करतानाच एका पुरवठ्यावर शेजारशेजारचे एलिमेंट घेऊ नयेत, हे माझं ठाम मत.

प्रश्नकर्ता: बाकीचे ६० ठीक आहेत हे कसं तपासू?

उत्तर २: स्थिर सिग्नल सोर्स समोर ठेवा. एकाच एलिमेंटची फेज (लहरीची पुढे-मागे स्थिती, अंशांत) ० ते ३६० फिरवा. फेज फिरवणाऱ्या ४ बिटच्या शिफ्टरला २२.५ अंशांच्या १६ पायऱ्या. आउटपुट फक्त ±०.१४ डीबीच्या आसपास हलेल, म्हणून प्रत्येक पायरीला बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढा. काहीच हललं नाही, तर तो चॅनल बंद करून बघा. आता फरक पडला तर शिफ्टर अडकलाय, नाही पडला तर एलिमेंट मेलाय.

उत्तर १: आणि हे सकाळच्या गारव्यात करू नका सर. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर बोर्ड तापल्यावर करा. तापल्यावर फेज सरकते; सगळ्यांची सारखी सरकली तर बिघडत नाही, कडेची आणि मधली वेगवेगळी सरकते तेव्हा बीम (पॅटर्नचं मुख्य शिखर) बिघडतो.